पहिलीतल्या मुलीला यातलं काय कळणार?

मिरज, २४ जुलै २०२५

सांगली जिल्ह्यातील प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी लेक आता दुसरीत आहे. गेल्या डिसेंबरात, पहिलीत असताना, मी तिला श्रीहरिकोट्याहून होणारं रॉकेटचं उड्डाण दाखवायला घेऊन गेले होते. निघण्याआधी शाळेत रजेचा अर्ज दिला, तेव्हा मला विचारलं गेलं, "पहिलीतल्या मुलीला यातलं काय कळणार? जरा मोठी झाली की न्या की." विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. चार दिवस बुडणार, अंकलेखन मागे पडणार, ही काळजीच होती ती. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलून मी बाहेर पडले. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आज त्याचं उत्तर लिहायला बसले आहे, आणि ते एका शाळेला नाही, तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे. कारण हा प्रश्न कुठल्याही शाळेत विचारला गेला असता.

आधी एक सांगते. श्रीहरिकोटा आपल्याला वाटतं तितकं लांब नाही. आपल्याकडची निम्मी घरं कधी ना कधी हरिप्रिया एक्सप्रेसने बालाजीला जाऊन आलेली आहेत. दुपारी मिरजेत बसायचं, बेळगाव, हुबळी मागे टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपतीला उतरायचं. त्या तिरुपतीपासून रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर सुळ्ळूरुपेटा नावाचं गाव आहे. तिथून पुलिकत सरोवर ओलांडलं की श्रीहरिकोट्याचं बेट येतं. २०२२ पासून तर तो सगळा भाग तिरुपती जिल्ह्यातच मोडतो. म्हणजे वर्षानुवर्षं आपण जिथवर जाऊन माघारी फिरतो, तिथून पुढे दोन-अडीच तासांवर देशाचं अवकाशतळ आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यात पाच-सहा वेळा बालाजी केला, पण हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

वडील आमच्याबरोबर होते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात पंपांच्या जुळणीवर त्यांची सगळी नोकरी झाली. नात त्यांना आबा म्हणते. आबांची अट एकच होती, आधी दर्शन आणि मग रॉकेट. ते आम्ही पाळलं. इस्रोची माणसंही उड्डाणाआधी तिरुमलेला आणि सुळ्ळूरुपेट्याच्या चेंगाळम्मा देवीला जातात, हे कळल्यावर तर त्यांना आपलं म्हणणं बरोबर ठरल्याचं समाधान झालं.

उड्डाण होतं पीएसएलव्ही-सी५९ चं. तारीख ४ डिसेंबर २०२४, बुधवार, वेळ दुपारी चारनंतरची. रॉकेटवर युरोपीय अवकाश संस्थेचे प्रोबा-३ नावाचे दोन उपग्रह होते. प्रेक्षकांसाठी श्रीहरिकोट्यात २०१९ पासून खुली गॅलरी आहे. तिची नोंदणी ऑनलाइन होते आणि जागा भराभर संपतात. आम्हाला ती मिळाली नाही, म्हणून आम्ही सुळ्ळूरुपेट्याच्या बाजूला, पोलिसांनी जिथवर सोडलं तिथे, सरोवराच्या काठावर उभे राहिलो. तिथून तळ सरळ रेषेत वीसेक किलोमीटर असावा. आजूबाजूला मोटारसायकली होत्या, सायकली होत्या, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या, लुंगी नेसलेले म्हातारे होते. आपल्याकडे कुस्त्यांच्या मैदानाला लोक जसे शेतातली कामं आटपून येतात, तशी ती सगळी मंडळी सहज आली होती. पाण्यात लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग दिसत होती. हिवाळ्यात ते तिथे हजारोंनी उतरतात. लेकीचा पहिला तास त्या पक्ष्यांकडे बघण्यातच गेला, आणि मला त्याची घाई नव्हती.

उड्डाणाला तासभरही उरला नसताना बातमी आली की आज होणार नाही. उपग्रहाच्या प्रणोदन यंत्रणेत, म्हणजे त्याला ढकलणाऱ्या यंत्रणेत, काहीतरी विसंगती सापडली होती.

मी खचले, हे प्रामाणिकपणे सांगते. त्याच रात्रीची परतीची तिकिटं होती. शाळेला चार दिवसांचा अर्ज दिला होता. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं, "रॉकेट आजारी आहे का?" मी म्हटलं, रॉकेट ठीक आहे, आतल्या उपग्रहाला जरा बरं नाही. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "मग बरं झाल्यावर जाईल." आबा शेजारी उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "घाई करून जोडलेला पंप गळतोच, पोरी. गळतोय हे आधी कळलं तर ते चांगलं म्हणायचं. बघू दे त्यांना नीट." त्या दोघांच्या बोलण्यावरून मी ठरवलं की तिकिटं रद्द करायची आणि थांबायचं.

गुरुजनहो, या पहिल्या दिवसाबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. कारण त्या दिवशी काहीच उडालं नाही, तरी माझ्या मते अर्धा धडा तेव्हाच झाला. आपण मुलांना विज्ञानाची कहाणी यशाची म्हणून सांगतो. तारीख, नाव, 'यशस्वीरीत्या प्रक्षेपित', आणि टाळ्या. प्रत्यक्षात हे काम थांबत थांबत चालतं. चांद्रयान-२ हे १५ जुलै २०१९ ला पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी निघायचं होतं. राष्ट्रपती स्वतः तिथे हजर होते. उलटी गणती ५६ मिनिटं उरली असताना थांबवली आणि यान आठवड्याने, २२ जुलैला दुपारी गेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गगनयानाच्या पहिल्या चाचणी उड्डाणाला अवघे पाच सेकंद उरले असताना संगणकाने काम रोखलं. चूक शोधली, दुरुस्त केली आणि त्याच सकाळी दहा वाजता उड्डाण झालं. 'आज नाही' असं हजारो माणसांसमोर सांगायला धैर्य लागतं. सहा वर्षांच्या मुलीने ते पाहिलं. त्यासाठी कुणी कुणावर ओरडलं नाही, कुणाला शिक्षा झाली नाही, हेही पाहिलं. पाढा चुकला की रडू येणारं हे वय आहे. त्या वयात याहून उपयोगाचं दुसरं काय दाखवणार?

रात्री लॉजच्या खोलीत आबांनी तिला उपग्रहांचं काम समजावलं. सोबत शिदोरीच्या डब्यातली एक वाटी होती. छताला दिवा होता. वाटी अशी धरायची की दिवा तिच्यामागे नेमका झाकला जाईल आणि दिव्याभोवतीचा उजेड तेवढा दिसेल. ती सारखी हलायची आणि दिवा बाहेर डोकवायचा. वाटी जवळ धरली तर सगळंच झाकलं जायचं, लांब धरली तर काहीच नाही. प्रोबा-३ चे दोन उपग्रह हेच करणार होते. एकाने तबकडी धरून सूर्य झाकायचा, दुसऱ्याने दीडशे मीटर मागे त्या सावलीत राहून सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचे, म्हणजे करोनाचे फोटो काढायचे. दोघांमधलं अंतर आणि दिशा मिलिमीटरच्या नेमकेपणाने सांभाळायची. खरं खग्रास ग्रहण एका जागी काही मिनिटंच टिकतं. हे कृत्रिम ग्रहण प्रत्येक फेरीत सहा-सहा तास धरता येतं. हे आकडे मी वाचून आबांना सांगितले. लेकीला आकडे कळले नाहीत. पण वाटी हलली की दिवा डोकावतो, हे तिच्या दुखऱ्या हाताला कळलं. खऱ्या सूर्याकडे असं कधीच बघायचं नाही, हेही तिला तेव्हाच बजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, ५ डिसेंबरला, आम्ही पुन्हा काठावर गेलो. कालचीच बरीच मंडळी तिथे होती. एका आजींनी लेकीला ओळखलं आणि तिच्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या. भाषा कुणालाच कुणाची कळत नव्हती.

४ वाजून ४ मिनिटांनी समोरच्या झाडांच्या रेषेवर एक नारिंगी ठिपका उमटला.

मी तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की उजेड दिसला की मोजायला लागायचं आणि आवाज ऐकू आला की थांबायचं. तिने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. ठिपक्याची ज्योत झाली, ज्योत वर सरकायला लागली, तिच्याखाली पांढरी जाड दोरी लोंबायला लागली. आणि एवढं सगळं घडत असताना काडीइतकाही आवाज नव्हता. रॉकेट म्हटलं की कानठळ्या बसतील असं मला वाटलं होतं. इथे आगीचा एवढा मोठा लोळ वर चढत होता आणि तरी पाण्यावरच्या पक्ष्यांची हाक ऐकू येत होती. तीस, एकतीस. रॉकेट उजवीकडे, समुद्राच्या अंगाला कलायला लागलं. एकोणचाळीस, चाळीस. एकोणपन्नासला ती अडखळली, आबांनी नुसती मान हलवली, तिने तो आकडा पकडला. पन्नास. पंचावन्न. छप्पन्न. सत्तावन्न.

आणि मग तो आवाज आला. कानाआधी तो पायांना जाणवला. एसटीच्या जुन्या गाडीत शेवटच्या बाकावर बसल्यासारखी जमीन थरथरली, मग छातीत घुमलं, मग कानात. लेकीने माझा हात घट्ट धरला. तिने वर पाहिलं. रॉकेट तोवर कितीतरी वर, बारीक झालेलं होतं. ती खाली जिथे ते उभं होतं तिकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, ते तर गेलं. मग हा आवाज शिळा आहे का?"

माझ्या अंगावर काटा आला. आवाजाला पोचायला वेळ लागतो, हे वाक्य मी आठवीत की नववीत पाठ केलं होतं. त्यावर गुण मिळवले होते. ते वाक्य खरं आहे, हे मला वयाच्या पस्तिशीत, माझ्या मुलीच्या तोंडून कळलं. आवाज हवेतून एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेतो. सत्तावन्न भागिले तीन. आबांनी बोटांवर हिशेब करून तिला सांगितलं, "एकोणीस किलोमीटर. म्हंजे आपल्या मिरजेपासनं सांगली ओलांडून पार पलीकडं." भागाकार तिला येत नव्हता, अजूनही नीट येत नाही. पण तिने त्या दिवशी मोजून अंतर काढलं. फूटपट्टी न लावता, एक पाऊलही न चालता, फक्त शाळेने शिकवलेल्या एक ते शंभरच्या जोरावर.

त्या रॉकेटची उंची सुमारे ४४ मीटर, वजन ३२० टन. तासगावच्या गणपतीचं सात मजली गोपुर तिला माहीत आहे, त्याहूनही ते उंच. पहिल्या टप्प्याला सहा जोड-रॉकेटं बांधलेली असतात, त्यातली चार जमिनीवरच पेटतात आणि उरलेली दोन वर गेल्यावर, हवेत. दुसऱ्या टप्प्यात विकास नावाचं इंजिन आहे. त्यात द्रव इंधन पंपाने रेटलं जातं, हे वाचून दाखवल्यावर आबा ताठ बसले. "म्हंजे आत पंपच की!" म्हणाले. चाळीस वर्षं ज्या वस्तूने त्यांचं पोट भरलं तिचीच एक लेक अवकाशाच्या वाटेवर निघाली होती. परतीच्या गाडीत ते नातीला पंपाचं पातं कसं फिरतं हे पेल्यातलं पाणी ढवळून दाखवत होते. उड्डाणानंतर अठरा मिनिटांनी उपग्रह सुटे झाले. तेवढ्या वेळात आम्ही गर्दीतून जेमतेम गाडीपर्यंत पोचलो होतो.

आम्ही शुक्रवारी दुपारी मिरजेत उतरलो. चारऐवजी पाच दिवस बुडाले. सोमवारी ती शाळेत गेली ती सांगायचं सगळं ठरवून. वाटी धरून दाखवायची, मोजायचं कसं ते सांगायचं, शिळ्या आवाजाचं सांगायचं. ती परत आली तेव्हा गप्प होती. वर्गात सांगायला वेळ मिळाला नाही, आधी अपुरी वही पूर्ण करायची होती. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. एका वर्गात चाळीस मुलं, वरून येणारे अहवाल, चाचण्या, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, हे मला दिसतं. पण त्या दिवशी एका वर्गातली चाळीस मुलं एका गोष्टीला मुकली. माझ्या मुलीपेक्षा नुकसान त्यांचं जास्त झालं, असं मला वाटतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पहिलीतल्या मुलीला यातलं काय कळलं?

पहिलीच्या बाई-गुरुजींना हे लगेच पटेल. मराठीत सत्तावन्न म्हणताना सात आधी येतो आणि पन्नास नंतर. म्हणून मुलं ५७ च्या जागी ७५ लिहितात. माझी लेकही लिहायची. पानंच्या पानं गिरवून ते सुटत नव्हतं. श्रीहरिकोट्याहून आल्यावर तिने ५७ एकदाही उलटा लिहिला नाही. विचारलं तर म्हणते, "पन्नास झाले, मग अजून सात थांबले, मग आवाज आला." पन्नासच्या पुढचे ते सात तिने काठावर उभं राहून, श्वास धरून घालवले होते. तो आकडा आता तिच्यासाठी वहीतलं चित्र नाही, तेवढा वेळ आहे.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस आला. पहिली वीज चमकली आणि आमच्या वाड्यातल्या पाच-सहा पोरांना ओसरीवर ओढून ती मोजायला लागली. बारा. "चार किलोमीटर लांब आहे." पुढची नऊ. "जवळ आली, आत चला." हे 'बारा म्हणजे चार, नऊ म्हणजे तीन' तिने आबांकडून पाठ करून घेतलं होतं. त्या ओसरीवर तीनचा पाढा बिनबोभाट शिकला गेला. वीज जवळ आली की घरात जायचं, हेही शिकलं गेलं, आणि आपल्या जिल्ह्यात दर वळवात विजेने शेतात माणसं आणि जनावरं दगावतात, तेव्हा हे शिकणं काही लहान नाही.

१८ मे ला रविवारी पहाटे ५ वाजून ५९ मिनिटांनी पीएसएलव्ही-सी६१ चं उड्डाण होतं. ती आपणहून उठली. मोबाइलवर आम्ही पाहिलं. तिसऱ्या टप्प्यात दाब कमी झाला आणि मोहीम पूर्ण झाली नाही. इस्रोच्या प्रमुखांनी ते त्याच वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. मला वाटलं ती हिरमुसेल. ती म्हणाली, "आता ते शोधतील कुठं गळलं ते."

आणि जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या सुमारास, प्रोबा-३ ने काढलेले पहिले फोटो जगासमोर आले. मधोमध काळी तबकडी आणि भोवती सूर्याचा विस्कटलेला उजेड. तिने तो फोटो पाहिला आणि काही न बोलता स्वयंपाकघरातून वाटी आणली.

एवढं कळलं. याहून जास्त कळायची पहिलीत गरज नाही, असं मला वाटतं.

काही जिल्हा परिषदा परीक्षा घेऊन, मुलं निवडून त्यांना इस्रो दाखवायला नेतात. ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. खेड्यातलं पोर विमानात बसून जातं, ही मोठीच गोष्ट आहे. पण त्यामागे जो समज आहे, तो मला पटत नाही. आधी परीक्षेत वर यायचं, मग बक्षीस म्हणून रॉकेट बघायचं. माझा अनुभव नेमका उलट सांगतो. आधी दाखवा, अभ्यासाची ओढ मग आपोआप लागते. आणि ज्याला वर्गात काहीच जमत नाही असं आपण म्हणतो, त्या मुलालाही तो आवाज छातीत तितकाच घुमेल. पहिली-दुसरीचं मूल 'हे परीक्षेत येईल का' असं विचारत नाही. ते 'आवाज शिळा आहे का' असं विचारतं. आणखी चार वर्षांनी हा प्रश्न विचारायला ते लाजेल.

म्हणून माझं मागणं आहे. एखादं कुटुंब लहान मुलाला उड्डाण दाखवायला नेत असेल तर त्याची रजा बुडीत धरू नका, शैक्षणिक भेट म्हणून नोंदवा. आणि तारीख पुढे ढकलली जाते हे धरून दोन दिवस जादा द्या. एक दिवस जादा थांबलो नसतो तर आमची फेरी फुकट गेली असती. परत आल्यावर त्या मुलाला वर्गासमोर पंधरा मिनिटं द्या. त्याची अपुरी वही दुसऱ्या दिवशीही पूर्ण होते. शक्य असेल तिथे दोन-तीन शाळांनी मिळून पालकांसह एक गट न्यावा, विमानाची गरज नाही, हरिप्रियाचा साधा डबा पुरे आहे. पन्हाळा-जोतिबाच्या सहलीत जसे शिक्षक आणि पालक मुलांमागे उभे असतात, तसेच इथेही लागतील. काठावर उन्हाची टोपी लागते, भरपूर पाणी लागतं, आणि स्वच्छतागृह जवळ नसतं, ते आधीच उरकून जावं लागतं. मूल पाण्याच्या कडेला असतं, त्याचा हात सोडायचा नाही. एका मोठ्या माणसामागे दोन मुलांपेक्षा जास्त नकोत. गॅलरीत जायचं असेल तर नोंदणी कधी उघडते यावर रोज लक्ष ठेवावं लागतं आणि मुलांबाबतचे त्या वेळचे नियम नीट वाचावे लागतात.

ज्यांना जाणं शक्यच नाही, ऊसतोडीवर जाणाऱ्यांची मुलं, जतच्या वाड्या-वस्त्यांवरची मुलं, त्यांच्यासाठी शाळेने निदान थेट प्रक्षेपण एकत्र बसून दाखवावं. दूरदर्शनवर आणि इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर ते फुकट असतं. प्रत्येक मुलाने घरी एकेकट्याने मोबाइलवर बघणं वेगळं आणि चाळीस मुलांनी एका सुरात दहापासून उलटं मोजणं वेगळं. वर्गात वीस किलोमीटरचा तो शांत मिनिट आणता येणार नाही, पण मैदानाच्या एका टोकाला थाळी वाजवून आणि दुसऱ्या टोकाला मुलं उभी करून सुरुवात करता येते. हात आधी हलताना दिसतो, आवाज किंचित मागून येतो. मैदान मोठं असेल तर पहिलीचं मूलही तो फरक पकडतं.

यासाठी फार वाट पाहायला नको. येत्या बुधवारी, ३० जुलैला, संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ हे रॉकेट जाणार आहे. त्यावर निसार उपग्रह आहे, भारत आणि अमेरिकेने मिळून बांधलेला, २३९२ किलो वजनाचा. अवकाशात गेल्यावर तो बारा मीटर व्यासाची जाळीदार छत्री उघडेल आणि दर बारा दिवसांनी जवळजवळ सगळी जमीन पुन्हा पुन्हा पाहील. त्याचं रडार ढगांतून पाहतं आणि रात्रीही पाहतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या घराघरांत शिरलं होतं, तेव्हा दिवसच्या दिवस आकाश भरलेलं होतं. ढगांवर थांबणारा डोळा अशा वेळी आंधळा होतो. पूर कुठवर पसरला, जमिनीत ओल किती आहे, हे ढग असतानाही सांगू शकणारा हा उपग्रह आहे. महापुराच्या त्या दिवसांत ज्या बाळांना पाण्यातून काढून छावणीत नेलं, ती मुलं आज तुमच्या पहिली-दुसरीच्या वर्गांत बसली आहेत.

शाळा तोवर सुटलेली असेल. त्या दिवशी फाटक एक तास उशिरा बंद कराल का? शिपाईमामांना मी स्वतः विनंती करीन. पडद्याची, चटयांची सोय आम्ही पालक करू. आबा वाटी घेऊन येणार आहेत आणि सोबत पंपाचं एक जुनं पातंही. आणि बुधवारी ऐनवेळी तारीख पुढे गेली, तर त्या पुढच्या तारखेलाही फाटक उघडं ठेवा.

आपली विश्वासू,
दुसरीतल्या एका मुलीची आई